गाव, जातं आणि रूसो

गेल्या डिसेंबरात आम्ही आजीला घेऊन एका कृषी पर्यटन केंद्रात गेलो होतो. माणशी चौदाशे रुपये, त्यात हुरडा, चुलीवरचं जेवण, बैलगाडीची चक्कर आणि कुंभाराचं चाक, ज्यावर आपण स्वतः काहीतरी वाकडंतिकडं मडकं करायचं नि कौतुकानं घरी न्यायचं. अंगणात मधोमध जातं मांडलेलं, शेजारी सुपात ज्वारी, आणि वर पाटी, 'अनुभवा अस्सल ग्रामीण जीवन'. पोरीबाळी, त्यांच्या आया, दोनचार हौशी बाप, सगळे पाळीपाळीनं खुंटा धरून फोटो काढत होते. एका बाईंनी तर डोक्यावर पदर घेऊन रील केलं, मागे मोबाईलवर ओवी लावून.

आजी बाजेवर बसून बघत होती. चौऱ्याऐंशीची आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय पण बारीकसारीक सगळं दिसतं. म्हणाली, "ज्वारी वाईच वाईच घालायची आस्ती, ह्या मूठमूठ कोंबत्यात, भरड पडल निस्ती." मी म्हटलं, आजी तू बस की, एक फोटो काढतो. तर हात झटकून म्हणाली, "मी? आरं गावात गिरण आली तवा मी नारळ फोडलाय."

मला हे माहीतच नव्हतं. मग सगळं विचारून घेतलं. पहाटे तीनला उठायचं, घरात चौदा माणसं, तेवढ्यांच्या भाकरीचं पीठ उजाडायच्या आत पाडायचं, त्यानंतर पाणी, त्यानंतर शेण, त्यानंतर रान. ओव्यांचं विचारलं तर म्हणे, "झोप लागाया नगं म्हून म्हनायचो." आता हे जरा आजीचं अतिच आहे, कारण ओव्या म्हणजे काही नुसता झोपेवरचा उतारा नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून ज्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या त्या वाचल्या तर बायकांनी त्यात काय काय साठवून ठेवलंय ते कळतं, सासरचा जाच, माहेरची ओढ, देव, भाऊ, लेक, राग, सगळंच. पण गंमत अशी की ओवी म्हणणाऱ्या बाईनं जात्याचं कधी 'अस्सल ग्रामीण जीवन' केलेलं नाही. ते आपण केलं, दळणं थांबल्यावर.

घरी आल्यावर मी बाबासाहेबांचं 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' काढलं, १९४५ चं. त्यात गांधीवादावर एक अख्खं प्रकरण आहे. पूर्वी वाचताना मी ते 'आंबेडकर विरुद्ध गांधी' ह्या नेहमीच्या कुस्तीतला एक डाव म्हणून वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. ह्यावेळी एका ठिकाणी थबकलो. बाबासाहेब म्हणतात (इंग्रजीत आहे, मी माझ्या मराठीत सांगतोय) की यंत्राविरुद्ध आणि आधुनिक संस्कृतीविरुद्ध गांधी जे बोलतात त्यात नवीन काही नाही, फ्रेंच विचारवंत रूसो, इंग्रज लेखक रस्किन, रशियाचा टॉल्स्टॉय हे आधीच बोलून गेलेत. आणि मग त्यांचा खरा मुद्दा. जनावर आणि माणूस ह्यांत फरक काय, तर माणसाला संस्कृती असते, म्हणजे वाचणं, विचार करणं, गाणं, स्वतःच्या मनाची मशागत. त्यासाठी लागते फुरसत. आणि सगळ्यांना फुरसत मिळायची तर यंत्र पाहिजे, नाहीतर मूठभरांची फुरसत बाकीच्यांच्या पाठीवरून वसूल होणार. यंत्रानं वाटोळं केलं म्हणता, तर तो दोष यंत्राचा नाही, समाजाच्या चुकीच्या रचनेचा आहे, असंही तिथेच म्हटलंय.

म्हणजे आजीचा नारळ. तेच की!

आता रूसो इथे कुठून आला? १७४९ सालची गोष्ट. रूसोचा मित्र, लेखक दिदरो, पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यात कैदेत होता आणि रूसो त्याला भेटायला पॅरिसहून पायी चाललेला. वाटेत एका मासिकात त्यानं जाहिरात वाचली, दिजोंच्या अकादमीची निबंध स्पर्धा, विषय असा की शास्त्रं आणि कला ह्यांच्या वाढीनं माणसाची नीती सुधारली की बिघडली. रूसोनंच पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय की ते वाचून त्याला एकदम लखकन काहीतरी दिसलं, तो झाडाखाली बसला, नि अर्ध्या तासानं उठला तेव्हा कोटाचा पुढचा भाग आसवांनी भिजलेला होता, आपण रडतोय हे त्याला कळलंही नव्हतं. काय दिसलं होतं, तर माणूस मुळात चांगला आहे आणि समाजानं त्याला बिघडवलंय. बक्षीस मिळालं, १७५० मध्ये निबंध छापला, आणि इथून जी लाट उठली तिच्यात पुढची दीडेकशे वर्षं सगळं युरोप भिजलं. साहित्यात तिला रोमँटिसिझम म्हणतात, आपल्याकडे प्राध्यापक लोक स्वच्छंदतावाद म्हणतात. पण ती साहित्यापुरती थांबली नाही. फ्रेंच राज्यक्रांतीतला रोबस्पियर रूसोचा भक्त होता, आणि सद्गुणी जनता नावाच्या एका कल्पनेपायी हाडामासाच्या किती माणसांना त्यानं गिलोटिनखाली घातलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. (न्यायाला धरून सांगतो, रूसोनं स्वतः 'रानात परत चला' असं सांगितलेलं नाही, मागे जाता येत नाही हे तो मान्य करायचा. पण भक्तांना कुठे तेवढा धीर असतो.)

ह्याच रूसोनं मुलांना कसं वाढवावं ह्यावर १७६२ मध्ये 'एमिल' लिहिलं आणि स्वतःची पाचही मुलं जन्मल्या जन्मल्या अनाथालयात पोचवली. मी हे चहाटळपणा म्हणून सांगत नाहीये. ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कनं ह्यावर १७९१ मध्ये एक वाक्य टाकलंय, की हा माणूस मानवजातीवर प्रेम करणारा पण स्वतःच्या आप्तांचा द्वेष करणारा. रूसोवरची पुढची निम्मी टीका म्हणजे ह्या वाक्याचा विस्तार आहे असं मला वाटतं.

तो विस्तार नीट बसून केला हार्वर्डच्या एका प्रोफेसरनं, आयर्विंग बॅबिट. हा फ्रेंच शिकवायचा आणि फ्रेंच लोकांवरच चिडलेला असायचा. १९१९ मध्ये त्याचं 'रूसो अँड रोमँटिसिझम' आलं. इंग्रजी कवी टी. एस. एलियट त्याचा विद्यार्थी, आणि एलियटची सावली आपल्या मर्ढेकरांवर किती पडली हा वेगळ्या पोस्टचा विषय. बॅबिटचं म्हणणं थोडक्यात असं, की चांगलं-वाईट हे भांडण माणसाच्या आत असतं, रूसोनं ते बाहेर काढून माणूस विरुद्ध समाज असं करून टाकलं. एकदा हे झालं की स्वतःला आवर घालायची गरजच संपते, डोळ्यात पाणी आलं म्हणजे आपण चांगले हे सिद्ध झालं. ज्याच्यावर प्रेम करायचं ते जितकं लांब तितकं सोपं, लांबची जमात, लांबचं खेडं, लांबचा काळ, कारण लांबचं माणूस उलटून बोलत नाही.

बॅबिटनं १९०८ पासूनच एक भेद लावून धरला होता, की माणसाच्या घडणीची काळजी करणारा वेगळा आणि एकूण मानवजातीबद्दल गहिवरणारा वेगळा. इंग्रजीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत, ह्युमॅनिस्ट आणि ह्युमॅनिटेरियन. मराठीत आपण दोघांनाही सरसकट 'मानवतावादी' म्हणून शाल-श्रीफळ देतो. कोणी 'मानव्यवाद' वगैरे शब्द चालवून बघितले पण ते पुस्तकातच राहिले. शब्द एकच असल्यामुळे भेद करायची सवयच लागली नाही की काय कोण जाणे.

आता बॅबिट आणि बाबासाहेब एका ओळीत बसवले तर दोघंही उठून जातील. बॅबिट जुन्या वळणाचा, लोकशाहीबद्दल साशंक, यंत्र आणि प्रगती ह्यांचं वेड त्याला रूसोच्या गहिवराइतकंच नावडतं. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूईकडे शिकलेले, आणि ड्यूई म्हणजे बॅबिटला अजिबात न पटणारा माणूस. तरी दोघांत एक विलक्षण जोड आहे, बुद्ध. बॅबिट पाली शिकला होता, त्यानं केलेला धम्मपदाचा अनुवाद त्याच्या मृत्यूनंतर १९३६ मध्ये निघाला. आणि बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेलं नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतलंय. शब्द तेच, पण रूसोच्या घराण्याचे नकोत. हे मला पूर्वी थोडं हट्टी वाटायचं. आता वाटतं की त्यात नेमका हिशेब होता, कारण बुद्धाकडे माणूस मुळात चांगला आणि बाकीच्यांनी बिघडवला अशी सोय नाही, तिथे मनाचं काम प्रत्येकाला स्वतःच करावं लागतं.

४ नोव्हेंबर १९४८. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब संविधानाचा मसुदा संविधान सभेत मांडतायत. टीका अशी होत होती की ह्यात भारतीय असं काय आहे, हे सगळं पाश्चात्त्य, राज्यघटना ग्रामपंचायतींवर उभी करायला हवी होती. गांधीजींची हत्या होऊन जेमतेम नऊ महिने झालेले, त्या हवेत खेड्याविरुद्ध बोलणं म्हणजे काय असेल कल्पना करा. बाबासाहेब म्हणाले की बुद्धिजीवी भारतीयांचं ग्रामसमाजावरचं प्रेम अमर्याद आहे, केविलवाणं म्हणायचं नसेल तर. मग त्यांनी ह्या प्रेमाचा उगम दाखवला, तो एका इंग्रज साहेबाकडे, चार्ल्स मेटकाफकडे. घराणी येतात जातात, हिंदू, पठाण, मोगल, मराठे, शीख, इंग्रज पाळीपाळीनं मालक होतात पण खेडी तशीच राहतात, शत्रूचं सैन्य आलं की गुरंढोरं कुसवाच्या आत घेतात आणि सैन्याला जाऊ देतात, असं ते वर्णन. साहेबाला आणि आपल्यालाही ह्यात टिकाऊपणाचं काव्य दिसलं. बाबासाहेबांनी तोच उतारा वाचून दाखवला आणि विचारलं की ह्यात अभिमान बाळगण्यासारखं काय आहे? टिकून राहिली हे खरं असेल, पण नुसतं टिकण्याला किंमत नाही, कुठल्या पातळीवर टिकली हा प्रश्न आहे. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञान, कोतं मन आणि जातीयतेची गुहा, दुसरं काय. मसुद्यानं खेडं टाकून देऊन व्यक्ती हा घटक धरला ह्याचा मला आनंद आहे, असं म्हणाले.

ही शेवटची दोन वाक्यं मी कितीतरी वेळा वाचलीत, आणि दरवेळी 'डबकं, गुहा' ह्याच शब्दांवर अडकलोय, कारण ते झणझणीत आहेत, भांडायला उपयोगी आहेत. पण खरा जड शब्द 'व्यक्ती' हा आहे. गाव म्हटलं की ते एक होतं, मग गावाचं मत, गावाची इज्जत, गावाची यात्रा, आणि त्या एकात गावकुसाबाहेरचा माणूस कुठे मोजला जातो हे विचारायची सोय राहत नाही.

दुसऱ्याच दिवशी संविधान सभेतले सदस्य ह. वि. कामत म्हणाले की ही शहरी उच्चभ्रूची वृत्ती आहे. शहरी उच्चभ्रू! मी साताऱ्याकडचा, मसूर स्टेशन माझ्या डोळ्यासमोर आहे. १९०१ मध्ये त्या स्टेशनवर नऊएक वर्षांचा भीमराव भावाभाच्यांबरोबर उतरला होता, वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशिअर होते, त्यांच्याकडे सुट्टीत निघालेला. नवे विलायती सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. पोरांचा थाट बघून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची वाटली. कोण म्हणून विचारलं, आणि पोरानं भाबडेपणानं सांगून टाकलं, महार. मास्तरांचा चेहरा पडला नि ते मागे सरले. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी पोरांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. बरोबर डबा भरपूर, पण वाटेत पाणी मिळेना. टोलनाक्यावर, शिकवल्याप्रमाणे आम्ही मुसलमान आहोत असं खोटं सांगूनही तिथल्या माणसानं तुमच्यासाठी पाणी कोणी भरून ठेवलंय म्हणून हाकललं. अन्न असून पोरं उपाशी झोपली. हे सगळं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय, एकही विशेषण न चढवता. मेटकाफच्या खेड्यात पाणी आहेच, फक्त ते कोण कोणाला देतं हे लिहिलेलं नाही.

आता माझंच सांगतो. कॉलेजात असताना मी आमच्या विहिरीवर कविता लिहिली होती, मासिकात छापून आली, सरांनी वर्गात वाचून दाखवली. थंडगार पाणी, काठावरची उंबराची सावली, पाण्यात हलणारा चंद्र, सगळा माल होता. परवा आजीला त्या विहिरीचं विचारलं. म्हणाली, महारवाड्यातल्या बाया घागरी घेऊन वर बांधाला उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या, "आक्का, पानी वाढा वं." कोणी रिकामं असलं तर वरून ओतायचं. नसलं तर? "उभ्या ऱ्हायच्या की." किती वेळ? आजी गप्प बसली. माझ्या कवितेत कोणीच पाणी शेंदत नव्हतं. रहाटसुद्धा नव्हता त्यात, फक्त चंद्र.

म्हणून मी कुठल्याही लेखकाला फार नावं ठेवत नाही, रोमँटिक असणं हा काही गुन्हा नाही. उलट आपल्याकडे ह्या लाटेनं चांगलंही केलंय. इंग्रजी रोमँटिक कवी वाचून केशवसुतांनी मराठी कविता उलटीपालटी केली, आणि त्याच केशवसुतांना 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' दिसला. ज्या वळणावर स्वतःच्या भावनेकडे बघायला शिकलं जातं, तिथूनच दुसऱ्याच्या दुःखाकडेही नजर जाऊ शकते. पुढे रविकिरण मंडळाच्या काळात जानपद गीतं आली, मोट, पाखरं, शेतातली प्रीत, आणि नजर परत चंद्राकडे गेली. मग १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन आलं. नुसता शब्द बघा. शाळेत आम्हाला बारा बलुतेदार शिकवायचे ते कसं सुंदर, सुतार, लोहार, कुंभार, सगळे एकमेकांवर अवलंबून, पैशाशिवाय चालणारा गाडा. पवारांनी तोच शब्द पुस्तकावर ठेवला आणि वाटणीला काय येतं ते आतून दाखवलं. मला वाटतं मराठीत रोमँटिसिझमवरची सगळ्यात मोठी टीका कुठल्या समीक्षेत नाही, ह्या एका शीर्षकात आहे.

गांधींबद्दलही एक सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वे, वकील, डॉक्टर सगळ्यांना त्यांनी झोडलंय, ते वाचताना आजही चिडचिड होते. पण हा माणूस १९३६ पासून वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, जाऊन राहिला, आणि आपली खेडी उकिरडे झालीत असं स्वतः लिहिलं. ५ ऑक्टोबर १९४५ च्या पत्रात त्यांनी नेहरूंना स्पष्ट कळवलं की मी आजच्या खेड्याबद्दल बोलतोय असं समजू नका, माझं खेडं अजून माझ्या कल्पनेतच आहे. नेहरूंनी चारच दिवसांनी उत्तर दिलं की खेडं साधारणपणे बुद्धीनं आणि संस्कृतीनं मागासलेलं असतं. म्हणजे गांधींना माहीत होतं. त्यांच्या भक्तांना नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. आणि भक्तीबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला जे सांगितलं, की धर्मात भक्ती मोक्षाला नेत असेल, राजकारणात ती अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते, ते मला ह्याच टीकेचं पुढचं पान वाटतं. आधी गाव सुंदर करायचं, मग देश, मग नेता. रडायला तिन्ही ठिकाणी तेवढंच येतं.

पंचायती मात्र संविधानात आल्याच. के. संथानम यांची दुरुस्ती बाबासाहेबांनी खळखळ न करता स्वीकारली, तेच आजचं कलम ४०. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीनं तिला दात आले, पण त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि बायकांसाठी राखीव जागा आहेत, म्हणजे गावावर प्रेम केलं तरी आत माणसं मोजून घेतलीत.

तर त्या कृषी पर्यटनाचं राहिलंच. निघताना गेटपाशी एक काउंटर होतं, लोणची, पापड, गूळ आणि 'जात्यावरचं पीठ', दीडशे रुपये किलो. बायकोनं घेतलं. गाडीत आजीनं पिशवीचं तोंड सोडलं, चिमूटभर पीठ काढून अंगठ्यानं बोटावर घोळवलं, वास घेतला, आणि पिशवी परत बांधत म्हणाली, "गिरणीतलं हाय ह्ये."